हँडहेल्ड गेम कन्सोल किती वर्षं चालतो आणि त्याची किंमत कधी उतरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल, बाजारात आला की तेच प्रश्न पुन्हा येतात. आत्ता घेऊ की थांबू? किंमत उतरेल का? हातातला जुना अजून किती वर्षं चालेल? याची उत्तरं अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण १९८९ पासूनचे आकडे आपल्यासमोर आहेत. ते नीट वाचले तर असं दिसतं की पहिल्या दिवसाच्या किमतीवर कन्सोलचं आयुष्य फारसं ठरत नाही. त्यावर मोठे गेम्स कधी येतात आणि तो बाळगण्याचा एकूण खर्च किती, यावर ते ठरतं. खालच्या किमती बहुतेक अमेरिकेतल्या, कर सोडून आहेत, आणि २४९.९९ सारखे आकडे सरळ २५० असे लिहिले आहेत.

कन्सोलचं आयुष्य संपलं, असं नेमकं कधी म्हणायचं?

यात तीन टप्पे आहेत आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. पहिला टप्पा म्हणजे वारसदार, म्हणजे त्याची जागा घेणारा पुढचा कन्सोल, बाजारात येतो तो दिवस. दुसरा, उत्पादन थांबतं तो. तिसरा, कंपनी ऑनलाइन दुकान आणि सर्व्हर बंद करते तो.

निन्टेन्डो थ्रीडीएसचं उदाहरण घ्या. मार्च २०१७ मध्ये स्विच आला. स्विच हा थ्रीडीएसचा वारसदार नाही, असं कंपनी तेव्हा सांगत होती, पण पुढे घडलं ते वारसदार आल्यावर घडतं तसंच. थ्रीडीएसचं उत्पादन थांबल्याचं सप्टेंबर २०२० मध्ये कळलं. मार्च २०२३ मध्ये त्याचं ऑनलाइन दुकान, ई-शॉप, बंद झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणंही थांबलं. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात सात वर्षांचं अंतर पडलं. विक्रीचा अभ्यास करणारे पहिल्या दोन टप्प्यांकडे बघतात. विकत घेणाऱ्याने मात्र तिसऱ्याकडे बघावं, कारण डाउनलोड करून घेतलेल्या गेम्सचं भवितव्य तिथे ठरतं.

साधारण किती वर्षांनी पुढचा कन्सोल येतो?

निन्टेन्डोचा क्रम असा: गेम बॉय १९८९, गेम बॉय कलर १९९८, गेम बॉय ॲडव्हान्स २००१, डीएस २००४, थ्रीडीएस २०११, स्विच २०१७ आणि स्विच २ २०२५ मध्ये. मधली अंतरं साधारण साडेनऊ, अडीच, पावणेचार, सव्वासहा, सहा आणि सव्वाआठ वर्षांची. सरासरी सहाच्या आसपास येते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. अडीच आणि साडेनऊ यांची सरासरी काढून काहीच कळत नाही. शिवाय गेम बॉय कलर हा स्वतंत्र पिढी म्हणावी असा नव्हताच. निन्टेन्डोसुद्धा गेम बॉय आणि कलर यांची विक्री एकत्र धरते: ११ कोटी ८६ लाख ९० हजार.

सोनीचे दोनच. पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये आला आणि व्हिटा डिसेंबर २०११ मध्ये. व्हिटाचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

गेम बॉय इतकी वर्षं कसा टिकला? त्याच्यापेक्षा चांगले कन्सोल होतेच ना?

होते, आणि पडद्याच्या बाबतीत फार चांगले होते. १९८९ मध्ये अमेरिकेत गेम बॉय सुमारे ९० डॉलरला मिळायचा, सोबत टेट्रिस या गेमचं कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी). त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. त्याचा पडदा रंगीत आणि आतून उजळणारा होता, किंमत सुमारे १८० डॉलर. एनईसीचा टर्बोएक्सप्रेस २५० डॉलरचा. सेगाचा गेम गिअर १९९१ मध्ये अमेरिकेत १५० डॉलरला आला, तोही रंगीत आणि बॅकलाइटचा. या सगळ्यांपुढे गेम बॉयचा हिरवट, चार छटांचा पडदा अगदीच फिका. अंधारात त्यावर काही दिसतही नसे.

पण चार पेन्सिल सेलवर गेम बॉय पंधरा तास, कधी त्याहून जास्त चालायचा. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. तासाभराच्या खेळाला गेम बॉय साधारण पाव सेल खायचा, गेम गिअर दीड सेल. सेलचा हा खर्च खोक्यावर छापलेला नसतो, पण दर आठवड्याला तो करावाच लागतो, आणि हँडहेल्ड वापरणारी बहुतेक मुलं होती. गेम बॉयमागचे अभियंते गुन्पेई योकोई यांची भूमिकाच अशी होती की जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्यातून नवा खेळ काढावा. नव्या तंत्राच्या मागे धावणाऱ्यांना तेव्हा हे मागासलेपण वाटलं असेल. मला मात्र हा हँडहेल्डच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

तरी नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत गेम बॉय थकला होता. मग फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन गेम्स आले. त्याच वर्षी आकाराने लहान आणि दोनच बारीक सेलवर चालणारा गेम बॉय पॉकेट आला. सात वर्षं जुन्या कन्सोलला पुन्हा मागणी आली, आणि १९९८ मध्ये पोकेमॉन अमेरिकेत पोचल्यावर तिथेही तेच झालं. गेम गिअर तोवर एक कोटी सहा लाखांच्या आसपास थांबला होता.

सर्वाधिक खप कोणत्या वर्षी होतो? पहिल्याच ना?

नाही. यशस्वी हँडहेल्डचा खप चौथ्या-पाचव्या वर्षी कळसाला पोचतो. निन्टेन्डोचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. त्या हिशेबाने डीएस पहिल्या अपुऱ्या वर्षात ५२.७ लाख गेला. पुढे १ कोटी १४.६ लाख, २ कोटी ३५.६ लाख, ३ कोटी ३ लाख, आणि २००८-०९ मध्ये ३ कोटी ११.८ लाख. तिथून उतरण लागली: २ कोटी ७१ लाख, १ कोटी ७५ लाख, आणि थ्रीडीएस आल्यावर जेमतेम ५१ लाख. एकूण १५ कोटी ४० लाख २० हजार. (हे आकडे कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालाचे आहेत. वर्षाच्या हिशेबात ग्राहकांच्या हाती पडलेल्या नगांशी ते बऱ्यापैकी जुळतात.)

स्विचचा आलेख याच वळणाचा आहे. पहिल्या पूर्ण वर्षात दीड कोटी, आणि २०२०-२१ मध्ये २ कोटी ८८ लाखांचा कळस. त्या वर्षी लोक घरात अडकले होते आणि ॲनिमल क्रॉसिंगचा नवा गेम नुकताच आला होता, हे खरं. पण चढण त्याआधीच सुरू झाली होती: १ कोटी ६९.५ लाख, मग २ कोटी १० लाख. आणि कळसानंतर चार वर्षांनी, २०२४-२५ मध्येही, स्विच १ कोटी ८ लाख गेला.

थ्रीडीएसला असं शिखरच नाही. १ कोटी ३५ लाख, १ कोटी ३९.५ लाख, १ कोटी २२ लाख, ८७ लाख, ६८ लाख, अशी ती हळूहळू उतरत जाणारी रेषा आहे. २०१६-१७ मध्ये मात्र ती ७३ लाखांवर परत चढली. त्या जुलैमध्ये फोनवर पोकेमॉन गो आला होता आणि नोव्हेंबरमध्ये थ्रीडीएसवर पोकेमॉनचे नवे गेम्स. सहाव्या वर्षीसुद्धा एक गेम कन्सोलचा खप वाढवू शकतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून चार वर्षांच्या कन्सोलला कुणी जुना म्हटलं तर घाबरू नका. बहुतेकदा त्याचे सर्वांत भरभराटीचे दिवस तेच असतात.

गेम बॉय ॲडव्हान्स चांगला खपत असताना इतक्या लवकर का संपला?

सोनी हँडहेल्डमध्ये उतरत होती म्हणून. निन्टेन्डोने २००४ मध्ये डीएस आणला तेव्हा ॲडव्हान्सही चालूच राहील असं सांगितलं होतं, आणि २००५ मध्ये त्याचं छोटं मॉडेल, गेम बॉय मायक्रो, काढलंही. पण डीएसचा वेग बघता ॲडव्हान्ससाठी जागाच उरली नाही. इतक्या तोकड्या काळातही तो ८ कोटी १५ लाख खपला. वर्षांच्या मानाने पाहिलं तर तो फार यशस्वी कन्सोल होता आणि त्याच्या वाट्याला आणखी दोन वर्षं यायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

पीएसपी अपयशी ठरला होता का?

मुळीच नाही. डीएसच्या शेजारी उभा केल्यामुळे तो लहान दिसतो. आठ कोटींच्या आसपास खप हे कुठल्याही काळात मोठं यश आहे.

त्याच्या किमतीचा प्रवास मात्र वेगळा होता. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत २५० डॉलर, २००६ मध्ये २००, २००७ मध्ये १७०, आणि २०११ मध्ये १३०. डीएस १५० डॉलरला आला आणि वर्षभरात १३० वर उतरला. म्हणजे पीएसपीला तिथवर यायला सहा वर्षं लागली. मधेच २००९ मध्ये सोनीने पीएसपी गो पुन्हा २५० डॉलरला काढला. त्यात यूएमडी (पीएसपीचे गेम्स ज्यावर मिळायचे ती छोटी डिस्क) चालत नव्हती, त्यामुळे आधी घेतलेले गेम्स निरुपयोगी. जास्त पैसे घेऊन कमी देणारं मॉडेल टिकत नाही. पीएसपी गो दोन वर्षांच्या आत बंद झाला.

थ्रीडीएसची किंमत सहा महिन्यांच्या आत एवढी का उतरवली?

फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये तो २५,००० येनला आला, मार्चमध्ये अमेरिकेत २५० डॉलरला. मार्चअखेरपर्यंत ३६ लाख नग गेले. पुढच्या तीन महिन्यांत जगभरात मिळून फक्त ७ लाख १० हजार. चष्म्याशिवाय दिसणारी थ्रीडी चित्रं बघायला छान होती, पण खेळायला मोठा गेम नव्हता, आणि डीएस निम्म्याहून थोड्या जास्त पैशांत मिळत होता.

ऑगस्टमध्ये किंमत जपानमध्ये १५,००० येन आणि अमेरिकेत १७० डॉलर झाली. जवळजवळ एक तृतीयांश किंवा त्याहून मोठी कपात. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी जबाबदारी घेऊन स्वतःचा पगार निम्मा केला. पूर्ण किमतीला आधीच घेतलेल्यांना वीस जुने गेम्स मोफत दिले, दहा फॅमिकॉन या निन्टेन्डोच्या जुन्या घरगुती कन्सोलच्या काळातले आणि दहा गेम बॉय ॲडव्हान्सचे. ग्राहकाचं नुकसान झालं हे कंपनीने उघडपणे मान्य करण्याची अशी उदाहरणं फार थोडी आहेत. याची किंमतही मोजावी लागली. काही काळ प्रत्येक थ्रीडीएस तोट्यात विकला जात होता, आणि २०११-१२ चा निव्वळ तोटा ४३.२ अब्ज येन होता.

पण नुसत्या कपातीने काम झालं नसतं. त्याच नोव्हेंबरमध्ये सुपर मारिओ थ्रीडी लँड आला आणि डिसेंबरमध्ये मारिओ कार्ट ७. स्वस्त झालेला कन्सोल आणि त्यावर खेळायला काहीतरी, या दोन गोष्टी एकाच हंगामात जुळल्या. शेवटी थ्रीडीएस ७ कोटी ५९ लाखांवर पोचला.

मग व्हिटाची किंमत उतरवूनही तो का वाचला नाही?

कारण जुळणारी दुसरी गोष्ट नव्हती. व्हिटा २०१२ मध्ये अमेरिकेत वाय-फाय मॉडेल २५० आणि थ्रीजी मॉडेल ३०० डॉलरला आला. त्याचा पडदा, दोन स्टिक्स, वेग, सगळं वाखाणण्यासारखं होतं. पण त्याला सोनीचंच खास मेमरी कार्ड लागायचं, आणि ३२ जीबीचं कार्ड १०० डॉलरचं होतं. म्हणजे खरी किंमत ३५० डॉलर. २०१३ मध्ये कन्सोल २०० वर आला आणि कार्डंही काहीशी उतरली, पण तोवर मन उडालं होतं.

जपानमध्ये पीएसपीला खरा आधार मॉन्स्टर हंटर या मालिकेने दिला होता. चार मित्र एकत्र बसून खेळायचे तो गेम. डिसेंबर २०११ मध्ये, व्हिटा आला त्याच महिन्यात, त्या मालिकेचा नवा गेम थ्रीडीएसवर गेला, आणि त्याच्या पुढचाही. सोनीने नंतर व्हिटाचे स्वतंत्र आकडे देणंच बंद केलं.

नवं मॉडेल आलं की जुनं स्वस्त होतं का?

कधी होतं, कधी उलटही होतं. डीएस लाइट १३० डॉलरला आला, म्हणजे जुन्याच किमतीत जास्त चांगला, आणि डीएस कुटुंबातले ९ कोटी ३८ लाख नग त्याचेच. डीएसआय मात्र १७० ला आला, म्हणजे किंमत वर गेली. टूडीएस या थ्रीडीएसच्या स्वस्त मॉडेलने थ्रीडी आणि घडी घालायची सोय काढून १३० डॉलर गाठले. स्विच लाइट २०० चा, ओलेड पडद्याचा स्विच ३५० चा. सरळ कपात करण्यापेक्षा खाली एक आणि वर एक मॉडेल काढायचं, ही आता ठरलेली पद्धत झाली आहे. थांबायचंच असेल तर कपातीपेक्षा सुधारित मॉडेलसाठी थांबा.

स्विचची किंमत आठ वर्षांत का उतरली नाही?

मार्च २०१७ मध्ये ३०० डॉलर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ३४०. उतरणं राहिलं दूर, ती चढली! लाइट २०० वरून २३० आणि ओलेड ३५० वरून ४०० झाला. युरोपात २०२१ मध्ये थोडी कपात झाली होती, तेवढीच.

पूर्वी कन्सोलमधल्या चिप वर्षागणिक स्वस्त व्हायच्या आणि शेजारी प्रतिस्पर्धी उभा असायचा. स्विचच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. त्या किमतीला त्याच्यासमोर कुणी नव्हतं, मागणी कमी होत नव्हती, २०२० नंतर सुटे भाग आणि वाहतूक महागली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काची भर पडली. ‘थोडं थांबलं की स्वस्त होतो’ हा जुना सल्ला म्हणूनच आता डोळे मिटून देता येत नाही.

महागाई धरली तर जुने कन्सोल खरंच स्वस्त होते का?

अमेरिकेतल्या महागाईच्या हिशेबाने गेम बॉयचे ९० डॉलर आजचे साधारण सव्वादोनशे होतात. गेम बॉय ॲडव्हान्सचे १०० आजचे पावणेदोनशेच्या पुढे, पीएसपीचे २५० आजचे चारशे, थ्रीडीएसचे २५० आजचे साडेतीनशे. टर्बोएक्सप्रेस तर सहाशेला जातो. स्विच २ चे २०२५ मधले ४५० डॉलर निन्टेन्डोच्या आधीच्या हँडहेल्डपेक्षा या हिशेबानेही बरेच जास्त होते. तरीही पहिल्या चार दिवसांत तो ३५ लाखांहून जास्त गेला. मागच्या कन्सोलने विश्वास कमावला असेल तर लोक चढी किंमतही देतात.

एकच कन्सोल दोन देशांत वेगळ्या किमतीला का?

कर आणि चलन. २०२५ मध्ये स्विच २ चं फक्त जपानी भाषेचं मॉडेल जपानमध्ये ४९,९८० येनला आलं आणि बहुभाषिक ६९,९८० ला. येन घसरलेला होता, त्यामुळे एकच किंमत ठेवली असती तर परदेशातल्या लोकांनी जपानचा माल उचलला असता.

स्टीम डेकसारखे कन्सोल याच हिशेबात बसतात का?

पूर्ण नाही. व्हॉल्व कंपनीचा स्टीम डेक २०२२ मध्ये ४०० डॉलरपासून सुरू झाला. असुसचा आरओजी ॲली २०२३ मध्ये ७०० ला आला, आणि २०२५ चा एक्सबॉक्स ॲली एक्स हजार डॉलरला. हे हातात धरायचे संगणक आहेत. त्यांच्यावरचे गेम्स यंत्राशी बांधलेले नसतात, नवं यंत्र घेतलं की तुमचे जुने गेम्स आपोआप त्यावर येतात. त्यामुळे इथे पिढी संपण्याची भीती कमी, पण यंत्र मात्र लवकर मागे पडतं.

जुने गेम्स नव्या कन्सोलवर चालणं इतकं महत्त्वाचं का?

कारण तुम्ही गेम्सवर कन्सोलपेक्षा जास्त पैसे घालता. गेम बॉय ॲडव्हान्सवर गेम बॉय आणि कलरची कार्ट्रिज चालायची. डीएसवर ॲडव्हान्सची चालायची, गेम बॉयची नाही. डीएसआयमधून ॲडव्हान्सची खाचच काढली. थ्रीडीएसवर डीएसचे गेम्स चालतात. स्विचवर यातलं काहीच नाही, आणि स्विच २ वर स्विचचे बहुतेक गेम्स चालतात. व्हिटात यूएमडी जात नव्हती. पीएसपीचे डिस्कवर घेतलेले गेम्स ज्यांच्याकडे होते त्यांना व्हिटाकडे जायचं मोठं कारण उरलं नाही.

शेवटी, घ्यावा कधी?

तुम्हाला मनापासून खेळायचे तीन गेम्स ज्या दिवशी उपलब्ध असतील त्या दिवशी. एक असेल तर थांबा. येणार आहेत असं नुसतं जाहीर झालं असेल तरी थांबा. आकड्यांवरून बोलायचं तर दुसरं ते चौथं वर्ष सर्वांत चांगलं: सुरुवातीचे दोष सुधारलेले असतात, गेम्स भरपूर असतात आणि पुढे बराच काळ बाकी असतो. हिशेब करताना मेमरी कार्ड, ऑनलाइनची वर्गणी आणि गेम्सच्या किमती धरा आणि वर्षांनी भागा. नुसतं यंत्र धरलं तर आठ वर्षं वापरलेला ३०० डॉलरचा स्विच वर्षाला चाळीसहून कमी पडतो.

बंद झालेला कन्सोल आज घ्यायचा असेल तर काय बघावं?

आधी दुकान उघडं आहे का ते बघा. २०२१ मध्ये सोनीने पीएसपी आणि व्हिटा दोन्हींची दुकानं बंद करण्याचं ठरवलं होतं. लोकांनी जोरदार विरोध केल्यावर व्हिटाचं चालू ठेवलं, पीएसपीवरचं बंद झालं. थ्रीडीएससाठी आता फक्त कार्ट्रिज.

मग यंत्राची तब्येत. गेम बॉय आणि पहिला ॲडव्हान्स सुट्या सेलवर चालतात, म्हणून ते आजही सर्वांत निर्धास्तपणे घेता येतात. फक्त सेलच्या खणात गंज नाही ना ते तपासा. गेम गिअरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे सुटे भाग) बहुतेकदा गळलेले असतात, त्यामुळे ते बदललेला नगच घ्या. पीएसपीची जुनी बॅटरी फुगलेली असू शकते, मागचं झाकण उचललं गेलेलं दिसलं तर ती वापरू नका. आणि अनेक जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवण्यासाठी एक छोटा बटन सेल असतो. तो संपला की खेळ जतन होत नाही, पण डागकाम येणाऱ्या माणसाला तो थोड्या वेळात बदलता येतो.